आरेची झाडे आणि आरेचे पाडे

पावसाळा सुरू झाला की गोरेगाव-बोरिवलीच्या बाजारांत आदिवासी भगिनी शेवळे घेऊन बसतात. शेजारी काकडाच्या आंबट फळांचा वाटा असतो, कारण काकड न घालता शेवळे शिजवली तर घसा खाजतो. पुढे टाकळा, कुर्डू, करटुली येतात. गिऱ्हाइकांना वाटते, ही भाजी डहाणू-जव्हारकडून आली असेल. काही तिकडचीही असते. पण काही भाजी मुंबई महापालिकेच्या हद्दीतल्याच रानातून खुडलेली असते, हे आपल्या अनेक हितचिंतकांना ठाऊक नसते.

हे रान म्हणजे आरे आणि त्याला लागून असलेले, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. आरेची दूध वसाहत १९४९ साली उभी राहिली. तिथल्या वारली, मल्हार कोळी, कोकणा बांधवांचे पाडे मात्र त्याआधीपासूनचे. आज असे सत्तावीस पाडे सांगितले जातात. जमीन दुग्धविकास खात्याकडे गेली, पुढे चित्रनगरी आली, इतरही संस्थांना जागा मिळाल्या. पाड्यांना वीज, नळ, शौचालय यांची वाट पाहावी लागली. बिबट्याचा वावर असलेल्या रानात हे लोक वाघोबाला नमस्कार करून पिढ्यान्पिढ्या राहत आले आहेत.

शहराला आरेची आठवण झाली ती मेट्रोच्या कारशेडमुळे. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडे पडली होती. नागरिक रात्री धावत आले, अटकाही झाल्या. ही आस्था खरी होती आणि तिचे मोल मोठे आहे. पण वर्तमानपत्रांतून झाडांचा आकडा जितका लोकांच्या तोंडी बसला, तितका पाड्यांचा बसला नाही. याच कामात प्रजापूरपाड्यावरची घरे गेली, हे किती जणांना आठवते?

यामागे कायद्याची रचनाही आहे. शहरातील झाडांसाठी १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. तोडण्याचा अर्ज आला की वृक्ष अधिकारी वर्तमानपत्रात जाहीर सूचना देतो, झाडावरही कागद लावतो, आणि कोणाही नागरिकाला सात दिवसांत हरकत घेता येते. सोसायटीच्या दारातला गुलमोहर असो की रस्त्याकडेचा वड, हा कागद वाचण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला, आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावण्याची अट घातली. चांगलीच तरतूद आहे. तरी हिशेब झाडांचाच राहतो. दुसऱ्या उपनगरात लावलेल्या साठ रोपांखाली शेवळे उगवत नाहीत, त्यांतून कुडाच्या भिंतीसाठी कारवीही मिळत नाही.

पाड्यांच्या बाजूने बोलणारा कायदा वेगळा आहे, तो म्हणजे वनहक्क कायदा, २००६. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमिनीवर राहणाऱ्या व तिच्यावर उपजीविका असलेल्या अनुसूचित जमातीच्या कुटुंबांना तो लागू होतो. पंचाहत्तर वर्षांच्या, म्हणजे तीन पिढ्यांच्या वास्तव्याची अट त्यांना नाही, ती इतर पारंपरिक वननिवासींसाठी आहे. जागा महापालिकेच्या हद्दीत आहे म्हणून हा कायदा तिथे थांबत नाही. हक्कांची पडताळणी पुरी होईपर्यंत कोणाला उठवता येत नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. आरेतील ८१२ एकर जमीन २०२१ मध्ये वन खात्याकडे आली, त्यामुळे तेथील पाड्यांसाठी हा प्रश्न आता टाळण्यासारखा नाही. एखादे क्षेत्र राखीव वन करतानाही तिथल्या लोकांचे हक्क आधी ऐकून घ्यावे लागतात. वेळेत दावा नोंदवला नाही, तर रान वाचेल आणि रानातली माणसे त्याच रानात अतिक्रमण करणारी ठरतील.

दाव्यासाठी सातबाराच हवा, अशी समजूत पाड्यांवर आजही आढळते. ती बरोबर नाही. नियमांनुसार एकाहून अधिक पुरावे लागतात. मतदार यादी, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती चालते. वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले सांगणेही चालते. सामूहिक हक्कासाठी तर पवित्र मानलेली झाडे, देवराया, पाणवठे, स्मशानभूमी हेही पुरावेच आहेत. म्हणजे ज्या झाडाखाली वाघोबाचा दगड आहे, ते झाड तोडले तर सावलीबरोबर दाव्याचा पुरावाही जातो.

म्हणून झाडे मोजायला आरेत जाणाऱ्या मंडळींना एक विनंती. झाडाची जात आणि घेर वहीत लिहिताना पाड्यावरच्या एखाद्या जाणत्या आजोबांना सोबत घ्यावे. झाडाचे तिथले नाव, त्याखाली कोणता देव, पाला-फळ कोणाच्या उपयोगाचे, तिथली भाजी कोणत्या महिन्यात खुडतात, हे त्याच पानावर उतरवावे. खाली तारीख घालावी, सांगणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्यावा, आणि एक प्रत पाड्यावर ठेवून यावी.