लेखांक नववा : मूळ फॉर्म, उपफॉर्म आणि मधला निरोप

गेल्या आठवड्यात आपण एका फॉर्मवरून दुसरा फॉर्म उघडला. आता त्यात भरलेली माहिती मूळ फॉर्मवर परत कशी आणायची ते पाहू. विंडोज फॉर्म्स शिकणारे बहुतेक जण इथे अडतात, आणि अडण्याची जागाही बहुधा एकच असते.

उदाहरण दुकानाच्या बिलाचं घेऊ. बिलाच्या फॉर्मवर 'ग्राहक निवडा' असं बटण आहे. ते दाबलं की ग्राहकांच्या यादीचा छोटा फॉर्म उघडतो. यादीतल्या नावावर डबल-क्लिक केलं की ते नाव बिलावर यायला हवं. नवशिका प्रोग्रॅमर यादीच्या कोडमध्ये 'न्यू बिलफॉर्म' लिहितो आणि त्याच्या टेक्स्टबॉक्समध्ये नाव टाकतो. प्रोग्रॅम चालतो, एरर येत नाही, आणि बिलावर मात्र काहीच उमटत नाही. कारण 'न्यू' म्हटल्याबरोबर मेमरीत दुसराच बिलफॉर्म तयार झाला. एकाच नकाशावर बांधलेल्या दोन घरांपैकी भलत्याच घरात पत्र पडावं, तसं झालं. त्या दुसऱ्या फॉर्मला कुणी 'शो' म्हटलेलं नाही, म्हणून तो दिसतही नाही, आणि चूक सापडायला तासन् तास जातात.

या घोटाळ्याला थोडा इतिहासही आहे. १९९८ च्या व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये फॉर्मचं नुसतं नाव लिहिलं की त्या नावाचा तयार ऑब्जेक्ट हाती यायचा. २००२ साली डॉट नेट आलं आणि ती सोय गेली. व्हिज्युअल बेसिकच्या २००५ च्या आवृत्तीत ती परत आली. सी शार्पमध्ये ती कधीच नव्हती. नव्हती तेच बरं, असं माझं ठाम मत आहे. कोणता ऑब्जेक्ट कुणाच्या हातात आहे, हे प्रोग्रॅमरला ठाऊक असायलाच हवं.

दुसरा मार्ग म्हणजे उपफॉर्म उघडताना कन्स्ट्रक्टरमधून 'धिस' पाठवायचा, म्हणजे मूळ फॉर्मच त्याच्या हवाली करायचा. हे चालतं, आणि पुष्कळ जण इथेच थांबतात. पण आता ग्राहकांची यादी बिलाला बांधली गेली. उद्या कोटेशनच्या फॉर्मला किंवा वसुलीच्या फॉर्मला तीच यादी हवी झाली की तिचा कोड उघडून बसा. आपल्याला कुणी उघडलं, हे उपफॉर्मला माहीतच नसावं. त्याला काय हवं ते आत येताना सांगावं, आणि उत्तर त्याने स्वतःजवळ ठेवावं.

म्हणून यादीच्या फॉर्मला 'निवडलेला ग्राहक' ही प्रॉपर्टी द्या. बाहेरच्यांना ती फक्त वाचता यावी. डबल-क्लिक झाल्यावर ती भरा आणि 'डायलॉगरिझल्ट' ओके करा. बिलाने यादी 'शोडायलॉग'ने उघडलेली असली की तेवढ्यानेच ती बंद होते. बिलाचा कोड तोवर त्याच ओळीवर थांबलेला असतो. उत्तर ओके आलं तरच प्रॉपर्टी वाचायची. कोपऱ्यातली फुली दाबली तर 'कॅन्सल' येतं आणि बिलावरचं जुनं नाव शाबूत राहतं.

इथे एक बारकावा आहे. शोडायलॉगने उघडलेला फॉर्म बंद केला तरी तो नष्ट होत नाही, फक्त लपतो. म्हणून तर बंद झाल्यावरही त्याची प्रॉपर्टी वाचता येते. पण म्हणूनच त्याला 'डिस्पोज' करणं आपल्याकडे येतं. उघडण्यापासून वाचण्यापर्यंतचं सगळं 'युझिंग'च्या कंसात ठेवलं की ते काम आपोआप होतं.

यादी बाजूला उघडीच ठेवून एकामागून एक ग्राहक निवडायचे असतील, तर ती नुसत्या 'शो'ने उघडावी लागते. तेव्हा बिलाचा कोड थांबत नाही, आणि बंद केल्यावर यादी खरोखरच नष्ट होते. अशा वेळी इव्हेंट वापरा. यादी 'ग्राहक निवडला' एवढंच जाहीर करते. ज्याला हवं तो ऐकतो. 'शो'ला बिलाचा फॉर्म मालक म्हणून दिला, तर यादी बिलाच्या वरच राहते आणि त्याच्याबरोबर मिनिमाइझही होते. यादी बिलापेक्षा जास्त काळ उघडी राहणार असेल, तर बिल बंद होताना त्याचं नाव इव्हेंटमधून काढायला विसरू नका. नाहीतर यादी त्याला धरून ठेवते आणि बंद झालेली बिलं मेमरीत साचत जातात.

हाच इव्हेंट दुसऱ्या थ्रेडवरून आला तर टेक्स्टबॉक्सला थेट हात लावता येत नाही. तिथे 'इन्व्होक' लागतं. ते पुढच्या आठवड्यात.