‘आधी पाथ करून टाक’

इंकस्केप हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर शिकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी हा सल्ला देतं. आयत काढला की कंट्रोल-शिफ्ट-सी दाबायचं, त्याचा पाथ (नोड म्हणजे बिंदूंनी जोडलेली रेषा) करायचा आणि मग कामाला लागायचं. कोरलवर हात बसलेल्या डीटीपीवाल्यांची कंट्रोल-क्यूची सवय तीच. मूळ आकारात काही बदलता येत नाही, नोड दिसले तरच बदलता येतं, असा त्यामागचा समज.

प्रत्यक्षात पाथ करण्याआधीच आकार जास्त लवचीक असतो. इंकस्केपची फाइल एसव्हीजी असते. डब्ल्यूथ्रीसीने 2001 मध्ये प्रमाणित केलेला हा प्रकार. त्यात आयताची नोंद रुंदी, उंची आणि कोपऱ्याची त्रिज्या अशा आकड्यांत होते. लग्नपत्रिकेची चौकट घ्या. ‘आर’ दाबून आयताचं टूल घेतलं की दोन कोपऱ्यांवर चौकोनी हँडल दिसतात, ती मापासाठी. तिसऱ्या कोपऱ्यावर छोटं गोल हँडल असतं. ते खाली ओढलं की चारही कोपरे एकदम गोलसर होतात. उद्या मुलीकडचे म्हणाले, ‘कोपरे जरा कमी गोल करा’, तर तेच हँडल थोडं वर. पाथ केलेला असेल तर मात्र बसा आठ नोड हलवत. एकच कोपरा गोल हवा असेल तेव्हा पाथ किंवा कॉर्नर्स इफेक्टकडे वळणं रास्त. एसव्हीजीचा साधा आयत चारही कोपऱ्यांना एकाच मापाची गोलाई देतो.

वर्तुळातून पोळीचा चतकोर कापायलाही पाथ लागत नाही. वर्तुळाच्या टूलमधलं गोल हँडल वर्तुळाच्या बाहेरून फिरवलं तर चतकोर मिळतो, आतून फिरवलं तर नुसता कंस. चतकोराचं पुन्हा अख्खं वर्तुळ करायला वरच्या पट्टीत एक बटण असतंच.

‘पाथ केला की गोल बिघडतो’ ही उलट बाजूची भीतीही ऐकू येते. पाथ ज्यांचा बनतो त्या बेझिए वक्रांनी गणिती अर्थाने अचूक वर्तुळ होत नाही, हे खरं. पण चार वक्रांच्या वर्तुळात जास्तीत जास्त फरक त्रिज्येच्या 0.03 टक्क्यांहून कमी असतो. म्हणजे 1 मीटर त्रिज्येच्या फ्लेक्सवर पाव मिलिमीटरच्या आसपास! गोलाई जात नाही. आपण वर्तुळ होतो ही आठवण तेवढी जाते, आणि अनडूशिवाय ती परत येत नाही.

आता निवडण्याबद्दल. ‘क्लिक केलं तरी सिलेक्ट होत नाही, फाइल खराब झाली’ ही तक्रार नेहमीची. बहुतेक वेळा त्या आकाराला फिल नसतो. पोकळ चौकटीच्या आत क्लिक करून उपयोग नाही, रेषेवरच करावं लागतं. ओढून निवडताना आकार पूर्ण घेरला गेला पाहिजे, नुसता स्पर्श पुरत नाही. स्पर्श पुरावा असं वाटत असेल तर ऑल्ट धरून ओढा. खाली दडलेल्या आकारासाठी ऑल्ट-क्लिक, ग्रुपमधल्या एकट्यासाठी कंट्रोल-क्लिक. ग्रुप मोडायची घाई बहुधा फुकट असते.

निवडलेल्या आकाराभोवतीचे बाण अचानक वाकडे दिसले म्हणूनही लोक घाबरतात. निवडलेल्या आकारावर पुन्हा क्लिक झालेलं असतं, एवढंच. त्या बाणांनी आकार फिरतो आणि तिरपा होतो. आणखी एक क्लिक केलं की सरळ बाण परत.

निवडीच्या बाणाने आकार मोठा करणं आणि आकाराच्या टूलने मोठा करणं एकच, असंही धरलं जातं. बाणाने आयत आडवा ताणला की गोलसर कोपरेही ताणले जाऊन लंबवर्तुळी होतात (वरच्या पट्टीतलं कोपऱ्यांचं बटण बंद नसेल तर). टूलच्या चौकोनी हँडलने ताणला तर गोलाई जशीच्या तशी राहते. पत्रिकेच्या चौकटीला ही टूलचीच रीत हवी.

शेवटचा घोळ मापाचा, आणि लेझर कटिंगला फाइल देणाऱ्याला तो महागात पडतो. 100 मिमीचा चौकोन, त्याला 2 मिमीची स्ट्रोक. निवडल्यावर वरच्या पट्टीत आकडा दिसतो 102. सॉफ्टवेअर चुकलेलं नसतं. स्ट्रोक रेषेच्या दोन्ही बाजूंना अर्धी-अर्धी पसरते आणि इंकस्केप मुळातच तिच्यासकट माप दाखवतं. तिथे 100 टाइप केलं की स्ट्रोकसकट 100 होतं आणि मूळ चौकोन त्याहून लहान होतो. मशीन तर स्ट्रोकची जाडी न बघता मधल्या रेषेवरून कापतं. प्रेफरन्सेसमध्ये टूल्सखाली ‘जिओमेट्रिक बाउंडिंग बॉक्स’ निवडा, मग पट्टीतला आकडा आणि कापलेला तुकडा जुळतील.