डाखाचा सांधा आणि अडलेली मोटार

भर दुपारी उन्हात उभी केलेली मोटार चालू होत नाही. स्टार्टर फिरतो, बॅटरी उत्तम असते, टाकीत पेट्रोलही असते. परंतु इंजिन पेट घेत नाही. काचा उघडून अर्धा तास थांबल्यावर तीच मोटार काही घडलेच नाही अशा थाटात सुरू होते. १९८० व १९९० च्या दशकांतील होंडा सिव्हिक आणि अकॉर्ड या मोटारींच्या अनेक मालकांना हा अनुभव आला. दोष असे तो डॅशबोर्डाखालच्या एका लहान डबीत, म्हणजे इंधनपंपाला वीज पुरविणाऱ्या मुख्य रिलेत. आणि तोही पुष्कळदा रिलेच्या यंत्रणेत नव्हे, तर तिच्या पायांना दिलेल्या डाखात.

परंपरेने वापरला जाणारा डाख हा कथील व शिसे यांचा मिश्रधातू होय. ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे असलेला डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. तो वीज वाहून नेतो, तसाच सुट्या भागाला जागी धरूनही ठेवतो. मोटारीत त्याची परीक्षा कठीण असते. तांबे, डाख आणि सर्किट बोर्डाचे द्रव्य उष्णतेने सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. रोजच्या तापण्या-निवण्याने, शिवाय रस्त्याच्या हादऱ्यांनी, डाख थकतो व पायाभोवती केसासारखी बारीक, गोल चीर पडते. थंड असताना चिरेच्या कडा एकमेकींना टेकलेल्या असतात. तापल्यावर त्या विलग होतात आणि प्रवाह खंडित होतो. गॅरेज गाठेपर्यंत दोष नाहीसा झालेला असतो, आणि बिचारा निर्दोष पंप बदलला जातो!

ओळखण्याची खूण सोपी आहे. किल्ली फिरवून स्टार्टरच्या अलीकडे थांबवली असता सुमारे दोन सेकंद पंपाची घरघर ऐकू यावयास हवी. ती न आल्यास फ्यूज तपासून मग रिलेकडे वळावे.

प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी. डबी उघडून भिंगाखाली पाहिल्यास सदोष सांधा निस्तेज दिसतो व पायाभोवती वलय आढळते. जुना डाख काढून राळयुक्त नवा डाख द्यावा. सोल्डरिंग आयर्नने पाय व तांब्याची पट्टी दोन्ही एकदम तापवावीत आणि डाख त्या तापलेल्या धातूवर वितळू द्यावा. आयर्न फार वेळ टेकवल्यास पट्टी बोर्डापासून सुटते. पत्र्याच्या कामातील आम्लयुक्त द्राव येथे मुळीच वापरू नये. तो पुढे तांबे खातो. धूर हुंगू नये, हात धुवावेत. अलीकडील बोर्डांवर शिसेविरहित डाख असतो. त्याला २१७ अंशांच्या वर उष्णता लागते. एअरबॅगच्या नियंत्रकाला मात्र घरी हात लावू नये.

दुरुस्तीनंतरची चाचणी सकाळच्या गारव्यात घेऊन समाधान मानू नये. मोटार दुपारी उन्हात उभी करावी, चांगली तापू द्यावी, आणि मगच किल्ली फिरवून पंपाची घरघर ऐकावी.