सरकीच्या तेलाचा प्रश्न अन् उपकेंद्रातली सिस्टर

शेतकरी बंधूंनो, बीटी कपाशीच्या सरकीची ढेप आपली जनावरे खातात, तेल आपल्या पोटात जाते. "त्यानं काही बाधा तर होत नाही ना?" ही शंका कोणाला विचारणार? दुखण्याखुपण्याचा विषय निघाला की माणूस उपकेंद्रातल्या सिस्टरकडेच जातो. पण तिचे काम लसीकरण अन् बाळंतपणाचे. बियाण्याचे तिला कोण सांगणार? म्हणून तिलाही अन् तुम्हालाही तीन गोष्टी ठाऊक हव्यात.

पहिली गोष्ट. बीटी हे जमिनीतल्या एका जिवाणूचे जनुक. त्यापासून बनणारे प्रथिन बोंडअळीच्या अल्कधर्मी आतड्यात घात करते. माणसाच्या जठरात आम्ल असते, तिथे ते पचून जाते. रिफाइंड तेलात तर प्रथिन जवळपास उरतच नाही.

दुसरी गोष्ट. म्हणून जनुक बदललेले सगळेच बिनधोक, असेही नाही. सोयाबीनमध्ये ब्राझील नट या फळाचे जनुक घातले, तेव्हा त्या फळाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना ते बाधू शकते, असे चाचणीत आढळले. तो अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. ते सोयाबीन बाजारात आलेच नाही. प्रत्येक वाण वेगळे तपासावे लागते ते यासाठीच. आपल्याकडे बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली, बीटी वांगे मात्र केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१० मध्ये थांबवले.

तिसरी गोष्ट जिवावरची. बीटीने मावा-तुडतुडे मरत नाहीत, फवारणी करावीच लागते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारून आलेल्या माणसाला मळमळ, घाम, अंधारी आली तर "बीटी बाधली" म्हणत बसू नका. सिस्टरने पहिला प्रश्न विचारावा, "काय फवारलं? कधी?" तुम्ही कपडे उतरवून अंग साबणाने धुवा, औषधाच्या डब्यावरचे लेबल सोबत घ्या अन् थेट दवाखाना गाठा.

सरपंच मंडळींनो, फवारणी सुरू होण्याआधी गावच्या आरोग्य समितीची एक बैठक लावा. कृषी खात्याचा माणूस अन् सिस्टर एका बाकावर बसवा. त्याने तिला बियाणे समजावून सांगावे, तिने त्याला विषबाधेची लक्षणे. चहापाण्यापलीकडे खर्च नाही, अन् एखादा जीव वाचला तर बैठक सार्थकी लागली म्हणायची.