एक अक्षर विसरलं आणि सुडो गेलं

आज माझीच फजिती सांगतो.

लातूरच्या एका अभ्यासिकेत उबंटूचा सर्व्हर आहे. सराव परीक्षा त्यावरच होतात, आणि त्याची देखभाल मी नांदेडहून एसएसएचने करतो. शनिवारी रात्री वेबसाइटच्या फोल्डरमध्ये फाइली टाकायच्या होत्या, म्हणून स्वतःला ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ ग्रुपमध्ये घातलं. कमांड दिली: सुडो युजरमॉड, हायफन कॅपिटल जी, ग्रुपचं नाव, माझं नाव. एरर काहीच नाही. लॅपटॉप बंद करून झोपलो.

रविवारी सकाळी साडेसातला फोन. “दादा, पेपर उघडेना. नऊला परीक्षा हाय, पोरं येऊन बसलीत.” लॉगिन झालं. डिस्क लॉगने भरली होती. साफ करायला सुडो मारलं, तर उत्तर आलं की तुमचं नाव सुडोअर्स फाइलमध्ये नाही. अंगाला घाम!

झालं काय? नुसत्या कॅपिटल जीचा अर्थ होतो, ‘आता ह्या माणसाचे ग्रुप एवढेच’. आधी स्मॉल ए लावला तर ‘आहेत त्यात हा वाढव’. म्हणजे मी हजेरीपटात नाव वाढवायला गेलो आणि जुना पट फाडून नवा लिहिला. सुडो ग्रुप त्यातच गेला. गंमत बघा, चालू सेशनला लॉगिनच्या वेळचेच ग्रुप असतात. रात्रीची ती टर्मिनल विंडो उघडी असती तर तिथून सुडो चाललं असतं. रूटला जावं, तर उबंटूत रूटचा पासवर्ड मुळात बंदच असतो.

एसटीने लातूर गाठेपर्यंत परीक्षेची वेळ टळली असती. मग अभ्यासिकेतल्या पोराला सर्व्हरसमोर बसवलं, फोन स्पीकरवर. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून मशीन रीस्टार्ट. सुरू होताना एस्केप दाबायचं. जुन्या बायोसच्या मशीनला शिफ्ट धरून ठेवायचं. ग्रब मेनू आला. अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यात रिकव्हरी मोड, त्यात ‘रूट’. एंटर दाबलं की पासवर्ड न विचारता रूट शेल. (हो, म्हणजे ज्याच्या हातात कीबोर्ड त्याच्या हातात सर्व्हर. खोलीला कुलूप लावा, डिस्क एन्क्रिप्ट करा.)

इथं एक खोच आहे. ह्या मोडमध्ये डिस्क फक्त वाचायला उघडते. आम्ही थेट युजरमॉड मारलं, तर पासवर्ड फाइल लॉक करता येत नाही म्हणाला. आधी लिहायची परवानगी लागते: माउंट, हायफन ओ, रीमाउंट कॉमा आरडब्ल्यू, स्पेस, स्लॅश. मग युजरमॉड, हायफन स्मॉल ए कॅपिटल जी, सुडो, माझं नाव. पोरगा एकेक अक्षर परत वाचून दाखवायचा, मी ‘हां’ म्हणायचो. लॉग वाचायला लागणारा ‘एडीएम’ ग्रुपही उडाला होता, तोही तसाच परत घातला. रीबूट.

तुमचा सर्व्हर क्लाउडवर असेल तर एस्केप कोण दाबणार? तिथं कंपनीच्या वेबसाइटवरचा कन्सोल वापरायचा, नाहीतर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडायची आणि ‘ईटीसी’मधली ग्रुप फाइल दुरुस्त करायची. बिघाड सुडोअर्स फाइलमध्येच असेल तर ती व्हिसुडोने उघडा. सेव्ह करताना तो चुका तपासतो.

आठ चाळीसला मी नांदेडहून लॉगिन केलं. सुडो चाललं. लॉग साफ केले, सर्व्हिस रीस्टार्ट केली. नऊ दहाला पेपर उघडला. पोरांना वाटलं, नेट गेलं होतं.