पहिलीचे वर्ष आणि पालकांचा वाटा

जून महिन्यात नवे दप्तर पाठीवर घेऊन मूल पहिलीच्या वर्गात पाऊल टाकते. या वर्षात शाळेकडून काय मिळावयास हवे, याची जाण पालकांना असणे अगत्याचे आहे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांत वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन झाले पाहिजे. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाठ्यपुस्तके विनामूल्य मिळतात. दुपारच्या आहारातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळणे अपेक्षित असते. शारीरिक शिक्षेस मनाई आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालकच असतात.

मात्र मूल हजर राहिले, तरच हे सारे सार्थकी लागते. दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून असंख्य कुटुंबे ऊसतोडणीसाठी गाव सोडतात. अक्षरांची ओळख होत असतानाच मुलाची शाळा सुटते आणि उन्हाळ्यात परतेपर्यंत शिकलेलेही विस्मरणात जाते.

अशा पालकांपुढे दोन मार्ग आहेत. गावी हंगामी वसतिगृह सुरू असल्यास मुलाला तेथे ठेवता येते. अन्यथा कारखान्याच्या परिसरातील शाळेत घालता येते. दाखला मिळण्यास विलंब झाला, या कारणास्तव प्रवेश नाकारता येत नाही. म्हणून गाव सोडण्यापूर्वी मुख्याध्यापकांची भेट अवश्य घ्यावी. ऊस दर हंगामी पुन्हा उभा राहतो. पहिलीचे वर्ष मात्र एकदाच येते.