बियाणे वाढवायचे, पण उगवू द्यायचे नाही

विदर्भातील शाळेत रक्ताचा धडा चालू असला की सिकलसेलचा विषय निघतोच. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी या भागातील सिकलसेलची नोंद १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. तो आजार असलेले मूल आपल्याही वर्गात असू शकते. अशा वेळी कोणी विचारते, “सर, त्याचे सगळे रक्तच बदलले तर?”

प्रश्न चांगला आहे. बाहेरून दिलेल्या तांबड्या पेशी फार तर चार महिने टिकतात. म्हणजे बदलायचे तर रक्त नव्हे, रक्त तयार करणारी जागा बदलायला हवी. ती जागा म्हणजे अस्थिमज्जा. तिच्यातील हजारो पेशींमागे जेमतेम एखादी मूळपेशी असते. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्तबिंबिका हे सारे तिच्यापासूनच घडते. निरोगी दात्याच्या मूळपेशी रुग्णाला देणे म्हणजे अस्थिमज्जा-रोपण. भारतात ते प्रथम १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात झाले.

अडचण दात्याची. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक. दुसरा मार्ग नाळेतील रक्ताचा. बाळंतपणानंतर टाकून दिल्या जाणाऱ्या या रक्तात मूळपेशी असतात आणि जुळणी थोडी कमी असली तरी चालते. १९८८ साली पॅरिसमध्ये हे रोपण प्रथम झाले.

पण एका नाळेतून रक्त मिळते कपभर. आता हिशेब करू. रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे किमान अडीच कोटी पेशी लागतात. एका पिशवीत १०० कोटी आहेत असे धरा. २० किलोच्या मुलाला ५० कोटी पुरतात. ६० किलोच्या माणसाला १५० कोटी लागतात. पेशी कमी पडल्या की नवे रक्त उशिरा तयार होते. रोपणाआधी रुग्णाची स्वतःची मज्जा औषधांनी नष्ट केलेली असते. त्यामुळे पांढऱ्या पेशी येईपर्यंतचा प्रत्येक दिवस जंतुसंसर्गाच्या धोक्याचा असतो.

मग या पेशी प्रयोगशाळेत का वाढवू नयेत? वाढतात, पण वाढता वाढता त्यांचे मूळपेशीपण हरवते. बियाणे पेरले की रोप येते, बियाणे उरत नाही, तसेच हे. येथे बियाणे वाढवायचे, पण उगवू द्यायचे नाही.

यासाठी पोषक माध्यमात कोणते पदार्थ घालावेत, याचा शोध अनेक ठिकाणी चालला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. ललिता लिमये, डॉ. वैजयंती काळे व सहकाऱ्यांनी नाळेच्या रक्तातील पेशी वाढवताना दोन मेदाम्ले वापरून पाहिली. त्यांतील एक माशांच्या तेलात सापडते. या माध्यमात रक्तबिंबिका बनवणाऱ्या पेशी अधिक मिळाल्या, असे त्यांनी २०११ साली प्रसिद्ध केले.

परदेशात दुसऱ्या एका गटाने ‘ब-३’ जीवनसत्त्वाचे एक रूप, निकोटिनामाइड, वापरले. त्यात पेशी सुमारे तीन आठवडे वाढवल्या जातात. रक्ताच्या कर्करोगाच्या १२५ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली आले. साध्या नाळरक्ताने पांढऱ्या पेशी परतायला साधारण २२ दिवस लागले, वाढवलेल्या पेशींनी १२. गंभीर संसर्गही कमी झाले. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेने हा उपचार रक्ताच्या कर्करोगासाठी मंजूर केला. सिकलसेलसाठी मात्र तो अद्याप प्रयोगावस्थेत आहे, हे वर्गात स्पष्ट सांगावे. खोटी आशा नको.

फळ्यावर एक खेळ घ्या. एका मूळपेशीचे पाच वेळा विभाजन करा. दर वेळी मूळपेशीच्या दोन्ही लेकी मूळपेशीच राहिल्या, तर शेवटी ३२ मूळपेशी. एकच राहिली, तर ३२ पेशींत मूळपेशी एकच. दोन्ही बदलल्या, तर एकही नाही. तिन्ही वेळा पेशी ३२च! नुसत्या संख्येने भागत नाही ते का, हे मुले आपणहून सांगतील.